शैलजा जैन : इराणच्या सुवर्णपदकामागची मराठी तालीम

जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत २४ ऑगस्ट २०१८ रोजी महिला कबड्डीचा अंतिम सामना इराणने २७-२४ असा जिंकला. पराभूत संघ भारताचा होता. या स्पर्धेत महिला कबड्डीचा समावेश २०१० मध्ये झाला, तेव्हापासून भारताने सुवर्णपदक कुणालाच दिले नव्हते. भारतीय मुली मैदानात रडत असताना काही पावलांवर इराणच्या खेळाडू आपल्या प्रशिक्षिकेभोवती गोळा झाल्या होत्या. त्या प्रशिक्षक म्हणजे शैलजा जैन. मूळच्या नागपूरच्या, कर्मभूमी नाशिक, आणि आयुष्याची बहुतेक वर्षे महाराष्ट्रातील मुलींना कबड्डी शिकवण्यात घालवलेल्या. त्या वेळी त्यांनी साठी ओलांडली होती.

भारतीय वृत्तपत्रांतून दुसऱ्या दिवशी हे नाव सर्वदूर पोहोचले. त्याआधी ते कबड्डीच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नव्हते. हा अपरिचय हाच या कारकिर्दीचा खरा विषय आहे. प्रशिक्षकाचे काम दिसते ते खेळाडूच्या अंगावर, आणि खेळाडू नावारूपाला आला की ते काम विसरले जाते. शैलजा जैन यांच्या बाबतीत ते विसरण्याची सोय उरली नाही, कारण त्यांचे शिक्षण भारताच्याच विरोधात मैदानात उतरले.

शासकीय क्रीडा मार्गदर्शक हे पद महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला चटकन कळणारे नाही. राज्याच्या क्रीडा खात्यात जिल्हा पातळीवर नेमलेला हा प्रशिक्षक. त्याच्या वाट्याला येतात शाळा-महाविद्यालयांतील मुले-मुली, सुट्टीतील शिबिरे, जिल्हा व विभागीय निवड चाचण्या आणि या सर्वांच्या जोडीला कागदपत्रे. राष्ट्रीय पदक मिळवणारी खेळाडू पुढे रेल्वेत, बँकेत किंवा पोलिसांत नोकरीला लागते आणि त्या संघाच्या प्रशिक्षकाची शिष्या म्हणून ओळखली जाते. तिला पहिल्यांदा चढाईचा पवित्रा कुणी शिकवला, हे विचारण्याची पद्धत नाही. शैलजा जैन यांनी अशा नोकरीत तीन दशकांहून अधिक काळ काढला. नाशिकच्या मैदानांवर त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी अनेक जणी राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचल्या.

ज्या भूमीत हे काम झाले तिचा कबड्डीशी संबंध जुना आहे. गोव्यातही ज्याला हुतूतू म्हणून ओळखले जात असे, त्या खेळाला नियमांची चौकट देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकात सातारा व बडोदा येथे झाले. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. अखिल भारतीय महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये, महिलांची १९५५ मध्ये. खेळाच्या प्रसारासाठी पदरमोड करून देशोदेशी फिरलेल्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे नाव घेतल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. तरीही वरिष्ठ महिला गटात अनेक वर्षे भारतीय रेल्वेचेच वर्चस्व होते, आणि त्या रेल्वे संघातल्या कितीतरी मुली महाराष्ट्रातल्या मातीच्या मैदानांवरूनच गेलेल्या.

महिला कबड्डीकडे लोकांचे लक्ष गेले ते पाटण्यात २०१२ साली झालेल्या विश्वचषकामुळे. भारताने तेथे अंतिम सामन्यात इराणला २५-१९ असे हरवले. त्या संघातील सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघींना राज्य सरकारने प्रत्येकी एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हा कबड्डीत एवढा पैसा असू शकतो याचे लोकांना नवल वाटले होते. पण पारितोषिके खेळाडूंपर्यंत येऊन थांबतात. जिल्ह्याच्या मैदानावर घडवणारा माणूस त्या यादीत क्वचितच असतो.

निवृत्तीच्या सुमारास शैलजा जैन यांची इच्छा भारतीय महिला संघाला मार्गदर्शन करण्याची होती. ती पूर्ण झाली नाही. आपल्याला ती संधी नाकारण्यात आली आणि त्यानंतर आपण इराणचा प्रस्ताव आव्हान म्हणून स्वीकारला, असे त्यांनी जकार्तातील विजयानंतर माध्यमांना उघडपणे सांगितले. आपण उत्तम प्रशिक्षक आहोत हे सिद्ध करायचे होते, असाही त्या बोलण्याचा आशय होता. या वाक्यातला सल लपत नाही, आणि तो लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. काहींना ते खटकले. देशाविरुद्धचा विजय साजरा करावा का, अशी कुजबुजही झाली. परंतु जे ज्ञान आपल्या घरात पडून होते त्याची किंमत परक्याने आधी ओळखली, यात दोष ज्ञान असणाऱ्याचा कसा, याचे उत्तर कुजबुजणाऱ्यांपाशी नव्हते.

गोव्याच्या क्रीडाप्रेमींना परदेशी प्रशिक्षक ही गोष्ट नवी नाही. एफसी गोवा संघाचा आरंभच २०१४ मध्ये ब्राझीलच्या झिको यांच्या मार्गदर्शनाखाली झाला आणि पुढे स्पेनच्या सर्जिओ लोबेरा यांनी त्या संघाला त्याची आकर्षक शैली दिली. फुटबॉलमध्ये आपण प्रशिक्षक आणतो. कबड्डीत आपण ते देतो. दक्षिण कोरियाच्या पुरुष संघाला घडवणारे अशन कुमार हेही भारतीयच, आणि त्याच जकार्ता स्पर्धेत कोरियाने गटसामन्यात भारताच्या पुरुष संघाला २४-२३ असा धक्का दिला होता. म्हणजे शैलजा जैन यांचा मार्ग एकाकी नव्हता. पण परक्या देशात महिला संघ, तोही इराणमध्ये, सांभाळणे ही वेगळ्या जातीची कामगिरी होती.

इराण कबड्डीत नवखा नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तेथे श्वास रोखून खेळायचा 'झू' नावाचा पारंपरिक खेळ आहे आणि कुस्तीची परंपरा तर आपल्याइतकीच जुनी. महिलांच्या गटात इराणने २०१० च्या ग्वांगझू स्पर्धेत कांस्य आणि २०१४ च्या इंचॉन स्पर्धेत रौप्य मिळवले होते. इंचॉनच्या अंतिम सामन्यात भारताने त्यांना ३१-२१ असे नमवले. तेव्हा शैलजा जैन यांनी शून्यातून संघ उभा केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्यांच्यासमोर दुसऱ्या क्रमांकावर येऊन थांबणारा संघ होता. दहा गुणांचे अंतर मिटवायचे होते, आणि शेवटच्या काही मिनिटांत भारताचे नाव ऐकून होणारी पायांची थरथर थांबवायची होती. दुसरे काम पहिल्याहून कठीण.

त्यासाठी सुमारे दीड वर्षाचा अवधी मिळाला. अडचणी अगदी साध्या, रोजच्या जगण्यातल्या होत्या. त्या शुद्ध शाकाहारी, आणि इराणी जेवणात मांसाचे स्थान मोठे. भाषा अपरिचित, म्हणून त्यांनी फारसी शिकायला घेतली. मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी दूरची नाही. कमर, गर्दन, पंजा, मैदान, पैलवान हे शब्द तिथूनच आपल्याकडे आले आणि कबड्डीच्या सरावात यांतला बहुतेक प्रत्येक शब्द लागतो. शिवाय डोके झाकण्याचा नियम पाळावा लागे. सवय नसल्याने तो आरंभी जड गेला, पण त्या देशात काम करायचे तर त्या देशाच्या नियमांनी, हे त्यांनी मान्य केले.

शैलजा जैन यांनी सरावात योगासने आणि प्राणायाम यांना मोठे स्थान दिले. हे ऐकून परदेशी वार्ताहरांना गंमत वाटली, पण कबड्डीचा गाभाच श्वास आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. चढाई करणारी खेळाडू मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी दम घेते आणि 'कबड्डी, कबड्डी' असा उच्चार अखंड चालू ठेवते. आता चढाईला ३० सेकंदांची मर्यादा असल्याने दमाचा कस पूर्वीसारखा लागत नाही, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. ३० सेकंदांत पुढे झेपावायचे, निदान रेषा पार करायची, समोर सहा किंवा सात जणी असतील तर बोनस रेषेवर पाय टाकता येतो का हे पाहायचे, एखादी कोपरारक्षक घोट्याकडे झुकली की पाय मागे ओढायचा, आणि हे सारे करताना उच्चार तुटू द्यायचा नाही. श्वास अडखळला की पाय अडखळतो. पुढच्या चढाईपूर्वी तो पुन्हा ताब्यात आणायला जेमतेम मिनिटभर मिळते, कधी तेही नाही. भ्रामरी, अनुलोम-विलोम यांचा उपयोग सामन्याच्या या फटींमध्ये होतो.

बचावात गोष्ट आणखी वेगळी आहे. महिलांचे मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानापेक्षा बरेच आटोपशीर. रुंदी कमी असल्याने साखळीतल्या दोन खेळाडूंना हातात हात घेऊन चढाईपटूला कोपऱ्यात कोंडणे सोपे जाते. उलट एकीने घाई केली तर तिच्या मागे रिकामी जागा उरत नाही, सरळ लॉबी येते. इराणी मुलींकडे उंची होती, कुस्तीच्या देशातले बळ होते. त्यांना हवे होते थांबणे. पकड केव्हा करायची नाही हे शिकवणे प्रशिक्षकाच्या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा भाग असतो, कारण तरुण खेळाडूचा हात आपोआप पुढे जातो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी जणी उरल्या असता केलेली यशस्वी पकड 'अव्वल पकड' मानली जाते आणि तिचा एक गुण अधिक मिळतो. अटीतटीच्या सामन्यात असे दोन-तीन गुण लोण वाचवतात आणि निकालही फिरवतात.

मनाची तयारी त्यांनी फार साध्या उपायांनी केली. संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळच्या संदेशात सुवर्णपदकाचे ध्येय पुन्हा पुन्हा येई. ऐकायला हे बालिश वाटते. मात्र ज्या मुलींनी भारताला कधी हरवले नव्हते, त्यांना रौप्य हे अपयश आहे असे वाटायला लावण्याचा दुसरा मार्ग कोणता, हे सांगणे कठीण आहे.

जकार्ता

भारताचा प्रवास अंतिम सामन्यापर्यंत सुखाचा झाला. जपान ४३-१२, थायलंड ३३-२३, श्रीलंका ३८-१२, इंडोनेशिया ५४-२२ असे गटातले निकाल. उपांत्य सामन्यात चिनी तैपेईवर २७-१४. एवढ्या मोठ्या फरकांनी जिंकणाऱ्या संघाची अडचण अशी की, अखेरच्या पाच मिनिटांत एक-दोन गुणांनी मागे असताना काय करायचे याचा सराव त्याला स्पर्धेत मिळतच नाही. इराणने दुसऱ्या उपांत्य सामन्यात थायलंडला नमवले.

त्याच्या आदल्या दिवशी, २३ ऑगस्टला, इराणच्या पुरुष संघाने भारताला उपांत्य सामन्यात २७-१८ असे हरवले होते. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकलेल्या भारतीय पुरुषांना कांस्यावर समाधान मानावे लागले. महिला संघ मैदानात उतरला तो हे ओझे घेऊन. संघात पुण्याची सायली केरीपाळे आणि मुंबईची सोनाली शिंगटे याही होत्या. भारताने सुरुवात चांगली केली आणि मध्यंतराला १३-११ अशी आघाडी घेतली. उत्तरार्धात चित्र पालटले. इराणच्या बचावाने चढाया निष्फळ ठरवायला सुरुवात केली आणि भारतावर तिसऱ्या, निर्णायक चढाईची वेळ वारंवार येऊ लागली. सलग दोन चढायांत गुण मिळाला नाही की तिसरीत तो मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होते. इराण १७-१३ असा पुढे गेला. अखेरीस भारताने जोर करून अंतर कमी केले, पण तीन गुण उरलेच.

भारत हरला याचे वाईट वाटते, पण आता मी इराणची प्रशिक्षक आहे, अशा आशयाची प्रतिक्रिया शैलजा जैन यांनी दिली. तिच्यात कसलाही विरोधाभास नाही. ज्या तंत्राने भारत हरला ते तंत्र भारतातच घडलेले होते.

या पराभवाची चिकित्सा भारतात दोन पद्धतींनी झाली. एका बाजूने सांगण्यात आले की, २०१४ पासून सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे इराणी खेळाडूंना भारतीय डावपेच जवळून पाहायला मिळाले. पुरुषांच्या बाबतीत ते खरे आहे. इराणचा फझल अत्राचली तर २०१८ च्या लिलावात एक कोटी रुपयांचा टप्पा गाठणारा पहिला कबड्डीपटू ठरला. पण महिलांच्या पराभवाला हे कारण लागू पडत नाही. महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा प्रो कबड्डीच्या जोडीने झाली, तेवढीच. इराणच्या मुलींना भारतीय कबड्डी कुठल्याही लीगने शिकवली नाही. ती त्यांच्याकडे गेली एका व्यक्तीच्या रूपाने.

दुसरी चिकित्सा महासंघाच्या कारभाराची होती, आणि ती न्यायालयात झाली. स्पर्धेच्या काही दिवस आधी, ऑगस्ट २०१८ च्या आरंभी, दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या अध्यक्षपदाची निवड रद्द ठरवून प्रशासक नेमला होता. संघनिवडीबद्दल माजी खेळाडूंच्या तक्रारी होत्या. न्यायालयाने असा आदेश दिला की, आशियाई स्पर्धेत खेळलेला संघ आणि वगळल्याची तक्रार असलेले खेळाडू यांच्यात सामना व्हावा. १५ सप्टेंबर २०१८ ला दिल्लीत दुसरी बाजू मैदानावर हजर होती; स्पर्धेतले संघ आलेच नाहीत. भारतीय क्रीडा इतिहासात न्यायालयाच्या आदेशाने ठरलेल्या आणि तरीही न झालेल्या अशा सामन्यांची उदाहरणे फारशी नसावीत. निवड समिती कुणाच्या घरची आहे, हा प्रश्न खेळाडूंनी विचारला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला मथळे दिले. तोच प्रश्न एका प्रशिक्षिकेच्या बाबतीत काही वर्षे आधी विचारता आला असता.

शैलजा जैन यांचा इराणशी असलेला करार त्या स्पर्धेपुरता होता. सुवर्णपदक घेऊन त्या परतल्या. पुढच्या वर्षांत भारतात महिला प्रशिक्षकांची संख्या वाढावी, निवृत्त खेळाडूंना प्रशिक्षणात आणावे, अशी चर्चा होत राहिली. काही प्रमाणात ती प्रत्यक्षातही आली. २०१० आणि २०१४ च्या सुवर्णविजेत्या संघांतील तेजस्विनी बाई पुढे भारतीय महिला संघाच्या प्रशिक्षण पथकात दिसल्या. त्यांच्या पिढीने देशासाठी पदके जिंकली होती, म्हणून त्यांच्याकडे पाहणे सोपे होते. जिल्हा पातळीवरच्या क्रीडा मार्गदर्शकाला मात्र अशी ओळख नसते, आणि तिला राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचवणारी शिडी अजूनही नीट बांधलेली नाही.

हांगझोऊ येथील पुढच्या आशियाई स्पर्धेत, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, भारतीय महिलांनी सुवर्णपदक परत मिळवले. समोर इराण नव्हता. उपांत्य सामन्यातच इराणला चिनी तैपेईने बाहेर काढले होते. अंतिम सामन्यात भारताने तैपेईला २६-२५ असे, एका गुणाने, हरवले. गटातल्या लढतीत हेच दोन संघ ३४-३४ असे बरोबरीत राहिले होते. ऋतू नेगी कर्णधार होती. पुण्याची स्नेहल शिंदे संघात होती, आणि जकार्तातला पराभव पाहिलेली सोनाली शिंगटेही. हे सुवर्ण भारताचे त्या स्पर्धेतले शंभरावे पदक ठरले, त्यामुळे त्या दिवशी कबड्डी पहिल्या पानावर आली. त्याच महिन्याच्या अखेरीस गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा सुरू झाल्या आणि येथील प्रेक्षकांनाही देशभरातल्या महिला कबड्डीपटूंचा खेळ जवळून पाहता आला.

तेव्हापासून आशियातले अंतर मिटत चालले आहे, हे कुणाही निरीक्षकाच्या लक्षात येईल. नेपाळ, तैपेई, थायलंड या संघांच्या खेळात शिस्त आली आहे. इराण तर आहेच. मार्च २०२५ मध्ये महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा तेहरानमध्ये झाली, आणि अंतिम सामन्यात पुन्हा भारत आणि इराण समोरासमोर आले. भारताने तो ३२-२५ असा जिंकला.